पैठणचा दगड, भरुचचें नांव

रत्नांच्या इतिहासांत वाकोल्याचें नांव कोठेंहि आढळणार नाहीं. साष्टी बेटावरचें हें एक जुनें गांव. पुढें तें मुंबईचें उपनगर झालें, आणि आतां एका अंगास द्रुतगति महामार्ग व दुसऱ्या अंगास कलिना अशा दाटींत तें बसलें आहे. परंतु या गांवांतील एखाद्या घरांत जुनी पेटी उघडली, तर तिच्या तळाशीं एक दगड निघण्याचा संभव असतो. कोणाकडे तो आजीच्या माळेंतला मणी असतो, कोणाकडे अंगठींतला खडा, तर कोणाकडे औषध घोटण्याचा लहानसा खल. रंग राखी किंवा पिंगट, आणि अंगावर पांढऱ्या, तपकिरी, काळसर अशा रेघा; त्या एकमेकींस लागून धांवतात, वळतात, पण कोठेंहि एकमेकींस छेदीत नाहींत. घरांतील वडील माणसें त्यास अकीक म्हणतात, कोणी सुलेमानी म्हणतात, आणि कोणी "गारगोटीच ती" म्हणून पेटी मिटवितात.

शेवटचें नांव अगदींच चुकीचें नाहीं. अकीक हा गारगोटीच्याच कुळांतला. दोहोंचें द्रव्य एकच, सिलिका. मात्र गारेचे स्फटिक डोळ्यांना दिसतात, आणि अकीकाचे इतके बारीक तंतुमय असतात कीं, सर्व दगड एकजिनसी वाटतो. सहा कोटी साठ लाख वर्षांच्या सुमारास दख्खनच्या भूमींतून लाव्हारसाचे थरांवर थर बाहेर पडले. त्या रसांत वायूचे बुडबुडे अडकले आणि रस थिजल्यावर खडकांत पोकळ्या राहिल्या. पुढें खडकांतून झिरपणाऱ्या पाण्यानें सिलिका वाहून आणली व ती त्या पोकळ्यांच्या भिंतींवर थराथरानें बसत गेली. प्रत्येक थराच्या वेळीं पाण्यांत लोहाचा अंश जसा कमीअधिक होता, तसा त्या थराचा रंग आणि पारदर्शकपणा पडला. म्हणून अकीकाचा पट्टा म्हणजे वरून काढलेली नक्षी नव्हे. ती त्या पोकळीच्या भिंतीची पुन्हां पुन्हां उतरलेली छाया आहे. काळा खडक पुढें झिजून माती झाला, पण आंतली गोटी झिजली नाहीं; ती शेतांत व नदीच्या पात्रांत सुटी होऊन पडली. गोदावरीच्या कांठीं ती अशीच मिळते.

त्या अग्नियुगाची साक्ष पाहण्यास वाकोल्याच्या रहिवाशानें दूर जावयास नको. अंधेरीस गिल्बर्ट टेकडी म्हणून काळ्या दगडाच्या उभ्या खांबांचा जो प्रचंड सुळका आहे व ज्याच्या माथ्यावर गांवदेवीचें देऊळ आहे, तो थिजलेल्या लाव्ह्याचाच आहे. याच बेटावर माणसानें या दगडाचा उपयोग धातु हातीं येण्यापूर्वींच ओळखला होता. टॉड नांवाच्या एका आरमारी अधिकाऱ्यानें कांदिवलीच्या ओढ्यांत आणि मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर आदिमानवाचीं हत्यारें वेंचलीं व १९३९ आणि १९५० सालीं त्यांचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं. त्यांतील जीं लहान लहान पातीं आहेत, तीं अकीकाच्याच जातकुळींतल्या दगडांचीं. या दगडाची कड फुटतांना कांचेसारखी धारदार निघते, आणि दागिन्याचा विचार सुचण्याच्या कितीतरी आधीं माणसास सुरीचा विचार सुचणें साहजिकच होतें.

दागिना म्हणून या दगडाची खरी कीर्ति झाली ती मात्र दोन हजार वर्षांपूर्वीं. आणि त्या कीर्तींत महाराष्ट्राचा वांटा जितका मोठा, तितकेंच त्याचें नांव लहान राहिलें.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मिसर देशांतील एका ग्रीक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांचें एक मार्गदर्शक पुस्तक लिहिलें. तें "पेरिप्लस" या नांवानें प्रसिद्ध आहे. लेखकाचें नांव राहिलें नाहीं. हा गृहस्थ कवि नव्हता, हें आपलें भाग्यच म्हणावयाचें. कोणत्या बंदरीं काय विकावें, काय विकत घ्यावें, कोठें गाळ आहे, कोठला राजा कटकट करतो, एवढ्याचीच त्याला पर्वा. तो लिहितो कीं, भरुचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि त्याच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर. या ठिकाणांहून माल गाड्यांवर लादून, मोठमोठ्या वाटहीन प्रदेशांतून भरुचला उतरतो. तगराहून कापड येतें, आणि पैठणहून येतो तो पट्टेदार दगड, तोहि विपुल. ग्रीक भाषेंत तो त्यास नखावरून पडलेलें नांव देतो, कारण नखाच्या मुळाशीं असतो तसा फिका पट्टा या दगडावर दिसतो. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांतील तेर, हें फ्लीट यांनीं १९०१ सालीं दाखवून दिलें. पैठणविषयीं तर शंकाच नाहीं. सातवाहनांची ती राजधानी.

येथें नकाशा उघडून पाहणारास एक प्रश्न पडल्यावांचून राहणार नाहीं. पैठणचा माल समुद्रावर नेण्यास जुन्नर व नाणेघाट यांवरून कल्याणास उतरणें हा सरळ मार्ग. त्या घाटाच्या तोंडाशीं सातवाहन राजकुळाचे लेख आहेत, आणि एक मोठा दगडी रांजणहि आहे. तो जकातीचा, असें लोक सांगतात. मग हे जड दगड गाड्यांत घालून वीस दिवस उत्तरेकडे नेण्याचा खटाटोप कशासाठीं? याचें उत्तर त्याच पुस्तकांत पुढें आहे. कल्याण हें पूर्वीं रीतसर बाजारपेठेचें बंदर होतें. पण सत्ता बदलल्यावर तेथील व्यापार अडविण्यांत आला, आणि एखादें ग्रीक गलबत चुकून तेथें आलेंच तर त्याला पहाऱ्यांत भरुचला नेण्यांत येऊं लागलें. भरुच तेव्हां क्षत्रपांच्या हातीं होतें. म्हणजे दोन राजकुळांच्या वैरामुळें पैठणच्या दगडास आपल्या दारचें बंदर सोडून शत्रूच्या बंदरांतून परदेशीं जावें लागलें, आणि रोमी ग्राहकानें तो भरुचचा माल म्हणून घेतला. मालाला नांव मिळतें तें खाणीचें नव्हे, बंदराचें. व्यापाराचा हा जुना न्याय.

त्या वैराचा शेवट कसा झाला, हेंहि महाराष्ट्राच्याच भूमींतून बाहेर आलें. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें चांदीच्या तेरा हजारांवर नाण्यांचा सांठा सांपडला. नाणीं क्षत्रप नहपानाचीं. पण त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला. शत्रूचें नाणें वितळविण्याचीहि तसदी न घेतां त्यावर आपलें नांव उमटविणें, यांत विजयाची जी ऐट आहे ती नाशिकच्या लेण्यांतील त्याच्या मातेच्या लेखांतहि पूर्णपणें उतरली आहे. कल्याणची वाट मग मोकळी झाली असली पाहिजे. कारण साष्टीच्या मध्यभागीं असलेल्या कान्हेरीच्या लेण्यांत कल्याण व सोपारा येथील व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या दानांचे लेख पुढें ठिकठिकाणीं दिसतात. त्यांत सोपाऱ्याच्या नागपालित नांवाच्या एका मणिकाराचेंहि दान आहे. मणिकार म्हणजे मणी घडविणारा. त्यानें घडविलेल्या मण्यांपैकीं एकहि आज कोणास दाखवितां येणार नाहीं. दगड घडवून पोट भरणाऱ्या त्या माणसाचें नांव मात्र दगडावरच राहिलें, आणि तेंहि वाकोल्यापासून कांहीं मैलांवर.

रोमी लोकांस या दगडाचें वेड होतें. लाल आणि पांढऱ्या थरांच्या जातीस ते फार मान देत, आणि त्याचें कारण केवळ शोभा नव्हे. प्लिनी सांगतो कीं, मोहर उमटवितांना मेणाचा कण उचलून न घेणारा असा हा जवळजवळ एकच दगड. ज्या समाजांत पत्र, करार आणि मृत्युपत्र मेणाच्या मोहरेवर चालत होतें, तेथें हा गुण किती मोलाचा असेल, हें सांगावयास नको. शिवाय थरांचा एक कलात्मक उपयोग होता: वरच्या पांढऱ्या थरांत मुखवटा कोरावयाचा आणि खालचा काळा थर पार्श्वभूमि म्हणून मोकळा ठेवावयाचा. प्लिनीनें हिंदी लोकांविषयीं एक टोमणाहि मारून ठेवला आहे. हिंदुस्थानांत या दगडाची प्रतिष्ठा नाहीं. तेथें सामान्य लोक त्यास भोंक पाडून गळ्यांत घालतात, आणि म्हणून दगडास भोंक असणें हीच तो हिंदी असल्याची खूण. टोमणा खरा असो वा नसो, परीक्षेची ही खूण मात्र मोठी मार्मिक आहे. याच ग्रंथकारानें भेसळीचीहि नोंद केली आहे: काळा, पांढरा व लाल असे तीन निरनिराळे दगड चिकटवून एक पट्टेदार रत्न म्हणून लोक विकीत असत. बनावट मालाबद्दल केवळ आपल्याच काळास दोष देणारांनीं हें ध्यानीं ठेवण्यासारखें आहे.

पैठणहून निघणाऱ्या गाड्या पुढें थांबल्या. नेवासें, तेर, भोकरदन या ठिकाणच्या उत्खननांत अकीकाचे मणी सांपडतात, त्यांवरून या धंद्याचा पसारा केवढा होता याची कल्पना येते. पण मध्ययुगापर्यंत या दगडाचें माहेर म्हणून खंभातचेंच नांव जगभर झालें. तेथील दगड राजपिपळ्याच्या डोंगरांतला, रतनपुराजवळचा. त्या डोंगरावर बाबा घोर या हबशी साधूचा दर्गा आहे. अकीकाचा धंदा त्यानेंच वाढविला अशी परंपरा, आणि सिद्दी लोकांचें तें आजहि श्रद्धास्थान आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभीं पोर्तुगीज प्रवासी बार्बोसा यानें लिमोद्रा येथील या दगडांचें वर्णन केलें आहे, आणि ते अग्नींत घालून लाल करतात हेंहि त्याच्या नजरेंतून सुटलेलें नाहीं. पोर्तुगीजांनीं पुढें १५३४ त वसई व साष्टी घेतली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हे लाल मणी चलनासारखे खपत, हें त्यांना ठाऊक होतें. व्यापार अरबांच्या हातून आपल्याकडे वळविण्याची त्यांची सर्व खटपट होती. १७३९ त मराठ्यांनीं वसई घेतली, तोंवर हें चाललें. पुढें खंभातचें आखात गाळानें भरत गेलें, मुंबईचें बंदर वाढलें, आणि एकोणिसाव्या शतकांत खंभाती दगड चीन, अरबस्तान व युरोप येथें जावयाचा तो मुंबईच्याच व्यापाऱ्यांच्या हातून. ज्या खाडीच्या तोंडावरून कल्याणचीं गलबतें एके काळीं पहाऱ्यांत परत नेलीं जात, तिच्याच शेजारीं अखेर हा बाजार आला.

खंभाती कारागिराची रीत पाहण्यासारखी आहे. खाणींतून काढलेला दगड प्रथम उन्हांत वाळवितात, मग मातीच्या मडक्यांत घालून शेण्यांच्या मंद आंचेवर भाजतात. त्यामुळें दगडांतील लोहाचा अंश पालटून पिवळट रंग तांबडा होतो. पुढें कारागीर जमिनींत रोंवलेल्या लोखंडी अणकुचीदार सळईवर दगड टेकवितो आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनें वरून हलका ठोका देतो. ठोका पडतो वर, आणि टवका उडतो खालीं, सळईच्या टोंकापाशीं. बाहेरून पाहणारास ही रीत उलटी वाटते. पण मऊ शिंगाचा ठोका असल्यामुळेंच टवका मापांत निघतो. भोंक पाडण्यास हिऱ्याच्या कणी बसविलेलें सामत्याचें टोंक वापरतात, आणि दोन्हीं बाजूंनीं पाडून मध्यें मिळवितात. जुन्या रीतींत झिलई देण्यासाठीं मणी चामड्याच्या पिशवींत दगडाची पूड व पाणी घालून भरीत, आणि दोन माणसें ती पिशवी समोरासमोर बसून कित्येक दिवस ओढीत राहत. सर्वांत अवघड काम मात्र यांपैकीं एकहि नव्हे. पट्ट्यांकडे पाहून दगड कोणत्या दिशेनें फोडावयाचा हें ठरविणें, तें खरें काम. पट्ट्यांस आडवा छेद दिला तर मण्यास कडीं पडतात, आणि एखाद्या उंचवट्यावरून थर सपाट कापला तर वर्तुळांत वर्तुळ येऊन डोळा होतो. दृष्ट लागूं नये म्हणून बाळाच्या गळ्यांत बांधतात तो हा डोळा.

या धंद्याची दुसरी बाजू झिलईखालीं झांकली जाते. दगड घांसतांना उडणारी सिलिकेची धूळ फुप्फुसांत जाऊन बसते व तेथें व्रण होतात. सिलिकोसिस म्हणतात तो हाच रोग, आणि यावर उतारा नाहीं. चामड्याच्या पिशवीच्या जागीं विजेवर फिरणारीं सहाणेचीं चाकें घरोघर आलीं, काम झपाट्यानें होऊं लागलें, आणि धूळहि तशीच उडूं लागली. खंभातजवळच्या शकरपुरांत घर हाच कारखाना असल्यामुळें ती केवळ कारागिराच्याच नव्हे, तर त्याच्या बायकामुलांच्याहि श्वासांत जाते. या रोगानें तेथें तरणीं माणसें गेलीं आहेत. स्वस्त माळेची खरी किंमत काढतांना हा आंकडा कोणी धरीत नाहीं. जर्मनींत इडार येथें पाणचक्क्यांवर अकीक घांसणारे कारागीर पोटावर पालथे पडून काम करीत. छातीच्या रोगानें त्यांनाहि सोडलें नाहीं.

इडारचें नांव निघालेंच आहे, तर आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. तेथील डोंगरांतला दगड संपत आला तेव्हां त्या गांवांतून देशोधडीस लागलेल्या लोकांना १८२७ सालीं दक्षिण ब्राझीलमध्यें अकीकाच्या राशी दिसल्या, आणि १८३४ पासून तो दगड गलबतांनीं इडारला येऊं लागला. ब्राझीलचा तो प्रदेशहि दख्खनसारखाच लाव्ह्याचा आहे. दगड फिका, पण रंग पिणारा. इडारच्या लोकांनीं त्यास रंगविण्याची कला पूर्णत्वास नेली. साखरेच्या पाकांत दगड मुरवून पुढें तीव्र अम्लांत टाकला कीं, सच्छिद्र थरांतील साखर जळून काळी होते, घट्ट थर पांढरेच राहतात, आणि झकास काळापांढरा दगड तयार होतो. लाल मणी करून त्यांनीं आफ्रिकेचा खंभाती बाजारहि पुष्कळसा काबीज केला. पैठणचें नांव भरुचनें घेतलें, भरुचचें खंभातनें घेतलें, आणि खंभातची गिऱ्हाइकी इडारनें.

म्हणून पेटींतला दगड हातीं घेतल्यावर पहिला प्रश्न हाच कीं, हा अकीकच आहे काय. आणि दुसरा हा कीं, त्याचा रंग त्याचा स्वतःचा आहे काय. पहिल्याचें उत्तर सोपें आहे. अकीक हातास थंड लागतो आणि तळहाताच्या ऊबेनें लवकर तापत नाहीं. लाखेचा किंवा प्लास्टिकचा मणी वजनास हलका व स्पर्शास कोमट असतो. चाकूच्या टोंकानें अकीकावर चरा उठत नाहीं. उलट अकीकानेंच कांचेवर उठतो. बाजारांत ओनिक्स म्हणून हिरवट पट्ट्यांचे पेले व राखदाण्या मिळतात. त्यांपैकीं पुष्कळ वस्तु संगमरवराच्या भावंडाच्या असतात, चाकूनें त्या सहज ओरखडतात व लिंबाचा रस टाकला तर फसफसतात. अर्थात् हे प्रयोग मण्याच्या दर्शनी अंगावर करूं नयेत. भोंकाच्या कडेशीं करावे. कांचेच्या नकलेंत भिंगांतून गोल बुडबुडे दिसतात, आणि तिचे पट्टे ओघळल्यासारखे एकमेकांत मिसळलेले असतात. खऱ्या अकीकाचा पट्टा उजेडापुढें धरला तर तो दगडाच्या आंत भिंतीसारखा खोल गेलेला दिसतो, आणि नुसत्या डोळ्यांना एक वाटणाऱ्या पट्ट्याचे भिंगाखालीं कित्येक पदर निघतात.

रंगाचा प्रश्न अवघड आहे. गडद निळा, गुलाबी, जांभळा, पोपटी असे भडक पट्टे दिसले तर ते बहुधा रंगाऱ्याचे समजावे. रंग भेगांत जास्त सांचलेला दिसतो. काळ्या कुळकुळीत दगडाची तर बहुधा साखरेशीं ओळख झालेली असतेच. भाजून आणलेला तांबडा रंग मात्र खोटा म्हणणें कठीण आहे. तो दगडांतल्याच लोहाचा, आणि ही रीत हजारों वर्षांची. दख्खनचा मूळ रंग सौम्य असतो: दुधी, राखी, मधासारखा, फार तर काविसारखा. नव्या डोळ्यांना तो फिका वाटतो. अंगठींत बसविण्यापूर्वीं असा खडा खिडकीशीं धरून सकाळच्या उजेडांत पाहावा. विजेच्या दिव्याखालीं त्याचे निम्मे पदर दिसतच नाहींत.

मराठी घराचा या दगडाशीं संबंध केवळ दागिन्यापुरता नव्हता. सोनार सोन्याचा वर्ख दाबून चकाकी आणतो ती ओपणी अकीकाची असे. हातकागदावर खळ लावून तो गुळगुळीत दगडानें, पुष्कळदां अकीकानेंच, घोटीत. बोरू अडखळूं नये व शाई फुटूं नये म्हणून. मोडी दफ्तरांतील घोटीव कागदावर अजून जी झांक दिसते ती त्या घोटण्याची. वैद्याच्या व रसायनशाळेच्या खलास हा दगड लागतो, कारण घोटतांना तो स्वतः झिजून औषधांत उतरत नाहीं. नाजुक तराजूच्या दांडीची धारहि याचीच करीत.

आणखी एक प्रकार आहे, तो सराफाच्या दुकानांत क्वचितच सांपडतो, कारण दागिन्यास तो बेढब पडतो. त्यांत वरच्या अर्ध्यांत पट्टे भिंतीप्रमाणें वळलेले असतात आणि खालच्या अर्ध्यांत अगदीं सरळ, आडवे, थांबलेल्या पाण्याच्या पातळीसारखे. पोकळींत सिलिका तळाशीं निवळून बसली, तेव्हांची ती पातळी आहे. मुंबईच्या लाव्ह्याचे थर पुढें समुद्राच्या बाजूस कलले. त्यामुळें अशी गोटी खडकांत जागच्या जागीं सांपडली, तर तिच्या रेघा क्षितिजाशीं जुळतात कीं तिरप्या आहेत, यावरून ती गोटी तयार झाल्यावर खडक कलला, कीं कललेल्या खडकांत ती तयार झाली, हें भूशास्त्रज्ञास ताडतां येतें. मात्र त्यासाठीं गोटी पाहण्यापूर्वीं कोणीं ती उपटून खिशांत घातलेली नसली पाहिजे.